चिठ्ठीवरचा इंग्रजी शब्द
झेंडूचा वास आला की सायखेड्यातला तो दसरा आठवतो. पाळीत देवाच्या फुलांना शिवायचं नाही, पण तोडणीला माणसं कमी होती, म्हणून पाळी आल्याचं कुणाला न सांगता मी गेले. आठवड्यात झाडं काळी पडली. सासूबाई म्हणाल्या, "शिक्षा हाय ही. कोण शिवलं, खरं सांगा." तेवढ्यात आमचे हे औषधाच्या दुकानातून चिठ्ठी घेऊन आले आणि वाचून म्हणाले, "ब्लाइट." मी हळूच विचारलं, "म्हंजे शिक्षा का हो?" "नाय गं, करपा. रोग हाय, साऱ्या शिवारात पडलाय." सासूबाई तरीही माझ्याकडेच बघत राहिल्या. मी शिवले होते, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.