पुन्हा फोन न करणारी माणसं

थंडर बेच्या सर्जनने हेल्वीबाईंच्या आतड्यातली गाठ काढली आणि "सगळी निघाली" म्हणून सांगितलं. पुढे दोनेक आठवड्यांनी त्याच्याच ऑफिसातून फोन आला, की आता दुसऱ्या डॉक्टरांना भेटायचं आहे. हेल्वीबाईंनी फोन ठेवला, कपातली कॉफी सिंकमध्ये ओतली आणि मला म्हणाल्या, "संपलं, पोरी. मला औषधवालीकडे पाठवतायत."

थंडर बे शहरापासून काही तासांवरच्या लाँगलॅकच्या प्लायवूड कारखान्यात मी विजेचं काम बघते आणि हेल्वी कोस्केला यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेऊन राहते. आयुष्यभर लाकूडतोड्यांच्या छावणीत स्वयंपाक केलेली ही बाई. निवृत्त झाल्यावर त्यांनी दुसरंच काम अंगावर घेतलं. आमच्या भागातल्या कॅन्सरच्या रोग्यांना आपल्या गाडीतून थंडर बेला न्यायचं आणि परत आणायचं. पैसे घ्यायचे नाहीत. ज्याला गाडी नाही, चालवायची ताकद नाही किंवा मागे कोणी नाही, तो फोन करायचा.

त्यांच्या लेखी तिथले डॉक्टर तीनच प्रकारचे होते. कापणारे, शेक देणारे आणि औषधवाली. औषधवाली म्हणजे कॅन्सरवर औषधं देणाऱ्या मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, डॉक्टर ओमोटोशो. हेल्वीबाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या खाली पार्किंगमध्ये विणकाम करत बसायच्या. दिसायची ती वरून उतरून गाडीत येऊन बसलेली माणसं.

या कामाचा एक नियम होता. रोग्याने आपणहून सांगितलं तर ऐकायचं, आपण विचारायचं नाही. त्यामुळे एखादा माणूस महिनोन्महिने शेजारच्या सीटवर बसायचा आणि मग त्याचा फोनच यायचा नाही. का, ते कोणी सांगायचं नाही. हेल्वीबाई काय समजायचं ते समजायच्या.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडची फिनिश माणसं कबरींवर मेणबत्त्या लावतात. दुसरीकडे पुरलेल्यांसाठी स्मशानात एक वेगळा दगड आहे. हेल्वीबाई तिथे बर्फात खळगे करून फोन यायचा थांबलेल्या आपल्या माणसांसाठी एकेक मेणबत्ती ठेवायच्या. मी काडेपेटी धरून उभी राहायचे. त्या ओठांतल्या ओठांत नावं घ्यायच्या आणि प्रत्येक नावानंतर थोडं थांबायच्या. कोणी ओ देईल म्हणून थांबावं तसं.

आता त्याच औषधवालीचं दार त्यांच्या वाट्याला आलं होतं.

"सगळी गाठ निघाली तर औषध कशाला?" त्या म्हणाल्या. "आणि औषध लागतंय, म्हणजे सगळी निघाली नाही. कोणीतरी खोटं बोलतंय."

मी माझ्या परीने हिशेब मांडला. "जो स्वतः गाडी चालवत जाऊ शकतो तो तुम्हाला कशाला बोलावेल? तुमच्या वाट्याला आले ते सगळ्यांत आजारी लोक. बाकीचे तुम्हाला दिसलेच नाहीत."

"तुझ्याकडे बिघडलेलीच मशीनं येतात ना?"

"हो."

"म्हणून बाकीची सगळी ठणठणीत आहेत, असं म्हणतेस?"



औषध घ्यायचं नाही हे त्यांचं ठरलं होतं. पण फोनवरून नकार देणं त्यांना पळपुटेपणा वाटला. "तोंडावर नाही म्हणेन आणि परत येईन," म्हणाल्या. गाडी मी चालवायची ठरली.

निघालो तेव्हा पहिल्यांदाच त्या शेजारच्या सीटवर बसल्या. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. पर्स मांडीवर घेतली, पायाशी ठेवली, पुन्हा मांडीवर घेतली. नोव्हेंबरचा रस्ता. दोन्ही बाजूंना काळी झाडं आणि मध्ये गोठायला लागलेली तळी.

जेलिको मागे पडल्यावर त्या बोलायला लागल्या.

"या वळणावर माझ्या गाडीत आर्माला उलटी झाली होती. सॉरी, सॉरी म्हणत राहिली बिचारी." थोड्या वेळाने, "इथे रेजाँने गाडी थांबवायला लावली. मोठ्या शिंगांचा मूस बघायचा म्हणे. मूस नव्हताच. त्याला रडायचं होतं." बियर्डमोरच्या पुढे, "इथे मादाम लाव्हाले झोपल्या, त्या निपिगनचा पूल आला तरी उठल्या नाहीत. श्वास चालतोय का बघायला मी एका हाताने त्यांच्या नाकाशी आरसा धरला होता."

माझी नजर सारखी मागच्या आरशाकडे जात होती. मागे कोणी नव्हतं. तरी निपिगनपर्यंत त्या गाडीत आम्ही दोघीच आहोत असं मला वाटेना.

"पोरी, हळू चालव," त्या म्हणाल्या. "एवढी काय घाई आहे तिथे जायची?"

दवाखान्याच्या पार्किंगमध्ये उतरताना मी त्यांना हात दिला. तो त्यांनी झटकला. वर आल्यावर मात्र त्या दाराशीच थबकल्या. लोक बसले होते. कोणी मासिक चाळत होतं, कोणी सँडविच खात होतं. कोपऱ्यात लाल टोपी घातलेला एक जाडजूड म्हातारा कॉफीच्या मशीनला शिव्या देत होता.

हेल्वीबाईंनी माझं मनगट एवढं घट्ट धरलं की दुखलं.

"तो तुलाही दिसतोय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोण?"

"रेजाँ."

तेवढ्यात म्हाताऱ्याने मान वळवली. "अगं, हेल्वी! मेलीस की काय असं वाटलं होतं मला!"

"मी?" हेल्वीबाईंनी माझं मनगट सोडलं. "मी मेले? अरे, चार वर्षं तुझ्या नावाने मेणबत्ती लावतेय मी!"

"तरीच दर नाताळाला मला घाम फुटतो!" तो एवढ्या मोठ्याने हसला की सँडविच खाणाऱ्या बाईने वर पाहिलं. "अगं, ताकद आली तशी मी माझी माझी गाडी काढली. तुला फुकट कशाला दमवायचं? सहा महिन्यांनी एकदा येतो, रक्त देतो, ती डॉक्टरबाई मला वजनावरून बोलते आणि मी घरी जातो."

"एक फोन करता येत नव्हता, गाढवा?"

"तू तरी कुठे केलास?"

"नियम आहे."

"मग नियमाच्या नावाने लाव मेणबत्ती!"

हेल्वीबाई हसल्या नाहीत. त्या खाली बसल्या. आनंद झाला असेल म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं, तर चेहरा पांढरा पडलेला. त्या मला म्हणाल्या, "म्हणजे कोण गेलं आणि कोण आहे, मला काहीच माहीत नाही."

डॉक्टर ओमोटोशो बुटक्या, चष्मा लावणाऱ्या आणि शांत बोलणाऱ्या निघाल्या. त्यांनी काही सांगायच्या आत हेल्वीबाईंनी विचारलं, "मादाम लाव्हाले तुमच्याकडे यायच्या. त्या आहेत का?"

"दुसऱ्या रोग्याबद्दल मला बोलता येत नाही. तुमच्याबद्दल जे विचाराल ते सगळं सांगेन."

"मग सांगा. सगळी गाठ निघाली ना?"

"निघाली. सर्जन खोटं बोलले नाहीत. जे दिसत होतं ते त्यांनी काढलं. पण आसपासच्या काही ग्रंथींमध्ये कॅन्सरच्या पेशी सापडल्या, म्हणजे एखाददुसरी पेशी पुढे निसटलीही असेल. ती कुठल्याच तपासणीत दिसणार नाही. जे दिसत नाही त्याच्या मागे जाणं हे माझं काम."

हेल्वीबाई त्यांच्याकडे टक लावून बघत राहिल्या. न दिसणाऱ्यांच्या मागे जाणं त्यांना नवीन नव्हतं.

डॉक्टर पुढे सांगत गेल्या. कुठलं औषध आणि किती, ते त्या ठरवणार. पहिल्यांदा इथे, नंतरची सलाइनं जमल्यास घराजवळ, जेराल्डटनच्या दवाखान्यात. दर वेळी आधी रक्त तपासायचं. झेपत नसेल तर मात्रा कमी करायची. काही महिने औषध, मग काही वर्षं नजर. याने रोग परतण्याची शक्यता कमी होते, नाहीशी होत नाही. आणि थंड वस्तूला हात लावला की बोटांत सुया टोचतील.

"लाँगलॅकमध्ये? हिवाळ्यात?" हेल्वीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांना हसू आलं. "जाड हातमोजे घाला. फ्रीज या मुलीला उघडू द्या."

"आणि औषधाने फायद्यापेक्षा हालच जास्त व्हायला लागले तर? तेव्हा बास कोण म्हणतं?"

"तुम्ही कधीही म्हणू शकता. तुम्ही म्हणाला नाहीत, तर मी म्हणेन. तेही माझंच काम आहे."

"मादाम लाव्हालेंना म्हणाला होतात?"

डॉक्टरांनी समोरची फाइल मिटली. हेल्वीबाईंनी पुन्हा विचारलं नाही. नकार द्यायला आलेली बाई पर्स उघडून बंद करत बसली आणि शेवटी म्हणाली, "पहिलं एक घेऊन बघते. पुढचं पुढे."

परतीच्या वाटेवर त्यांनी एकाही वळणाचं नाव घेतलं नाही. मला ते जातानाच्या बोलण्यापेक्षा जड गेलं.

पहिल्या सलाइनला मी सोबत गेले. मोठी खोली, खिडकीकडे तोंड केलेल्या आरामखुर्च्या. समोरच्या खुर्चीत एक बाई तोंड उघडं टाकून, मान कलती करून झोपली होती. नर्सने हेल्वीबाईंच्या दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, सुई घातली.

"सुरू करू?"

"थांबा," हेल्वीबाई म्हणाल्या. त्यांची नजर समोर खिळली होती. "पोरी, जवळ जाऊन बघ. त्या बाई श्वास घेतायत ना?"

मी गेले. वाकून पाहिलं. पांघरुणाची कड वर होत होती, खाली येत होती.

"घेतायत."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

हेल्वीबाईंनी नर्सकडे पाहिलं. "करा," त्या म्हणाल्या.