परमनंट करंज

मारुतीभाऊ झाडांनाही 'टेंपररी' म्हणायचे. रोप लावलं की त्याला लाल फडकं बांधायचं. दोन उन्हाळे निभावले की ते सोडायचं, मग झाड 'परमनंट'. मी शेजारच्या खोलीतली, शाळेत शिकवणारी बाई. पहिल्यांदा ती फडकी पाहिली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी नवस बोललंय.

कासारवाडीला आमच्या चाळीमागे, रुळांच्या कडेला, कारखान्यांची राख पडायची. पूर्वी तिथे भाजीचे मळे होते म्हणे. पहिल्या शिफ्टहून आले की भाऊ जेवणाआधी तिथे खड्डे खणत. आम्ही आधी हसलो, मग तांदूळ धुतलेलं पाणी त्यांच्यासाठी ठेवू लागलो, आणि रविवारी अख्खी चाळ घमेली घेऊन तिथे कधी उतरू लागली ते कळलंच नाही. दुपारी कोवळ्या सावल्या राखेवर हलायच्या, लोणावळ्याची गाडी निघून जायची, आणि मला उगीचच वाटायचं, तो जुना मळा जमिनीखाली अजून जागाच आहे.

भाऊ लातूरकडचे. स्वतःही टेंपररीच. कंपनी दर सहा महिन्यांनी त्यांना 'ब्रेक' देई आणि पुन्हा घेई. बायको आणि दोन मुलं गावी. "परमनंट झालो की घरच्यायला आणतो, बाई. लेकरायला खेळाया सावली नको का?" हे मी सहा वर्षं ऐकलं.

शेवटच्या ब्रेकनंतर बोलावणं आलंच नाही. चार महिने वाट पाहून भाऊंनी वळकटी बांधली. तेव्हा एकट्या करंजाला फडकं उरलं होतं. मी म्हटलं, सोडून टाका भाऊ, जगलाय तो. ते गाठ चाचपत उभे राहिले.

"न्हाई बाई. एक उन्हाळा ऱ्हायलाय त्याचा. तुमी सोडा."

मला त्यांच्या नियमाचा रागच आला. त्यांचे उन्हाळे कुणी इतक्या इमानाने मोजले होते?

पुढच्या वर्षी उन्हाळा सरल्यावर मी गाठ सोडली आणि गावी कार्ड टाकलं : करंज परमनंट झाला. आठवड्याने उत्तर आलं. ओबडधोबड अक्षरात एकच ओळ होती : "आता त्याच्या घरच्यायला आणा."

त्या रविवारी चाळ पुन्हा घमेली घेऊन उतरली. करंजाशेजारी आम्ही तीन रोपं लावली आणि तिघांनाही लाल फडकी बांधली.