रिक्षाला बांधलेला तंबू

रोहिणी गांगुर्डेशी वाद घालायचा असेल तर माणसानं आधी पोटभर जेवून यावं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एका ताडपत्रीच्या दुकानात ती बारा वर्षं मशीनवर बसते. ट्रकवाले, मंडपवाले, कांदा साठवायच्या चाळी झाकणारे शेतकरी, सगळे तिला ओळखून आहेत. शिवण उसवली म्हणून तावातावानं आलेला माणूस बहुतेक वेळा खाली मान घालून जातो, कारण शिवण उसवलेली नसतेच. त्यानंच ताडपत्री कुठंतरी पत्र्याला अडकवून फाडलेली असते, आणि ते रोहिणी चारचौघांत बोट ठेवून दाखवते. तिचा नवरा अश्विन नाशिक रोड स्टेशनला रिक्षा चालवतो. तो बोलतो कमी. घरात एकानं बोललं तरी भागतं, असं त्याचं म्हणणं. त्यांची एकुलती एक मुलगी संघमित्रा, लाडाची मितू, आता सहा वर्षांची आहे.

मितूला फिट येतात.

पहिली आली तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. देवळ्याला नात्यातलं लग्न होतं. पोरगी मांडवात खेळता खेळता आडवी झाली, हातपाय झटकायला लागली, डोळे वर गेले. झाली की पळापळ! कोणी ओरडलं, कांदा आणा कांदा. देवळ्यात कांद्याला काय तोटा? तीन ठिकाणांहून तीन कांदे फुटून आले. कोणी दातांत चमचा कोंबला. कोणी म्हणालं, चप्पल हुंगवा, पण चामड्याची पाहिजे, प्लास्टिकची चालत नाही. आणि ती चामड्याची चप्पल रोहिणीनं दिली. लग्नासाठी घेतलेली नवी कोरी, स्वतःच्या पायातली काढून दिली आणि स्वतःच्या हातानं लेकीच्या नाकाला लावून धरली. फिट तिच्या वेळेनं थांबली. सगळे म्हणाले, बघा, चपलेनं काम केलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना मितूच्या गालाच्या आत दुधाच्या दाताचा तुकडा सापडला. "हा कोणी मोडला?" त्यांनी विचारलं. रोहिणीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग बाईंनी शांतपणे सांगितलं : कुशीवर वळवायचं, गळ्याशी काही घट्ट असेल तर सैल करायचं, घड्याळ बघायचं. तोंडात काही घालायचं नाही, नाकाला काही लावायचं नाही. पाच मिनिटांच्या वर गेली तर हा स्प्रे नाकात मारायचा आणि थेट दवाखाना गाठायचा.

"बस, एवढंच?" रोहिणीनं विचारलं.

"एवढंच. पण हे करताना लोकांना लांब ठेवणं, ते अवघड असतं."

रोहिणीला त्या दिवशी लोकांचा राग आला त्याच्या दसपट स्वतःचा आला. तो राग तिनं आजतागायत सोडलेला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या रागावरच ती चालते.

सकाळ-संध्याकाळ औषध सुरू झालं. वर्षभरात तीन फिट आल्या, तिन्ही घरातच. पण घराबाहेरच्या जगाची दारं एकेक करून बंद व्हायला लागली. बंद करणारी होती अश्विनची मोठी बहीण मनीषा. आई गेल्यावर तिनंच अश्विनला वाढवलं, त्यासाठी स्वतःचं लग्न चार वर्षं लांबवलं, आणि आता ती दोन गल्ल्या सोडून राहते. तिचा शब्द अश्विन खाली पडू देत नाही. मनीषाताई दुष्ट नव्हत्या हो, पण भित्र्या होत्या, आणि भित्रं माणूस प्रेम करायला लागलं की समोरच्याला गुदमरवून टाकतं. उन्हात नको. गर्दीत नको. झोक्यावर नको. पाण्याजवळ तर नावच काढू नको. मितू खिडकीत बसून खालच्या पोरांना खेळताना बघायची. "आई, मी मोठी झाले की खाली जाऊ?" असं तिनं एकदा विचारलं, तेव्हा ती पावणेपाच वर्षांची होती.

त्यातच बालवाडीची सहल निघाली. बाईंचा फोन आला, आवाजात नुसता मध. "मितूच्या आई, तुम्ही समजून घ्याल ना? आम्हाला जबाबदारी नाही घेता येणार."

"समजून घेतलं," रोहिणी म्हणाली. "तुमची सहल एका दिवसाची ना? माझ्या लेकीची दोन दिवसांची असेल."

फोन ठेवला तेव्हा तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की आपण काय बोलून बसलो. पण बोललं ते बोललं. मालकाला विचारून तिनं दुकानातले उरलेले तुकडे घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत आठ दिवस बसून तंबू शिवला. एक कड रिक्षाच्या टपाच्या दांडीला बांधायची, दुसरी जमिनीत खुंट्या ठोकून ताणायची. आता ही बाई आयुष्यभर ट्रकांवरची ताडपत्री शिवत आलेली. थेंब आत जाता कामा नये, एवढं एकच तिला माहीत. दुहेरी शिवण, कडेवर कड, झडपेवर झडप. गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्याला पहिला मुक्काम झाला आणि सकाळी तिघं उठली ती ओलीचिंब! बाहेर कोरडं ठणठणीत. तिघांचा रात्रभरचा श्वास आतून ठिबकत होता. अश्विन कधी नव्हे तो पोट धरधरून हसला. "अगं, पाणी आत येऊ नये म्हणून शिवलंस ते ठीक, आमची वाफ तरी बाहेर जाऊ द्यायचीस!"

रोहिणीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. दुसऱ्या दिवशी दुकानात तिनं कात्री घेतली, पण चांगल्या ताडपत्रीला भोक पाडायला हात धजेना. जन्म गेला भोकं बुजवण्यात. शेवटी डोळे मिटून तिनं दोन खिडक्या कापल्या आणि मच्छरदाणीची जाळी लावली.

मनीषाताईंना हे कळलं आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "पोरीला मारायला निघालात का? रानात काही झालं तर कोण आहे तिथं?" शब्दानं शब्द वाढला. शेवटी त्या अश्विनला म्हणाल्या, "एक कर. बाहेर असताना एकदा जरी हिला फिट आली, तर त्या दिवसापासून हे खूळ बंद. कायमचं. दे शब्द." अश्विननं बायकोकडं पाहिलं. रोहिणीच्या डोक्यात तिडीक गेलेली. "ठरलं!" ती म्हणाली. "द्या हो शब्द!" आणि त्यानं बहिणीच्या हातावर हात ठेवला. संध्याकाळपर्यंत रोहिणीला आपली चूक कळली. फिट काय आपल्या हातात आहे? पण आता माघार घ्यायची म्हणजे नाक कापून द्यायचं.

दीड वर्षात सात वेळा गेले ते. भाद्रपदात अंजनेरीच्या पायथ्याला, मितूनं रानफुलांना स्वतःची नावं ठेवली. मे महिन्यात पेठच्या बाजूला करवंदं खाऊन जीभ काळी करून आली. दिवाळीच्या सुट्टीत दोन रात्री राहिले, आणि त्या पोरीनं शेकोटीत भाजलेली वांगी खाल्ली, घरी जी बघितली की नाक मुरडते. प्रत्येक वेळी औषधाची पिशवी रोहिणीच्या गळ्यात, झोप वेळेवर, पाण्याकडं जायचं तर हात धरून. या दीड वर्षात दोन फिट आल्या. दोन्ही घरात. एक टीव्हीसमोर, एक मोरीत. प्रत्येक सहलीहून परतताना रोहिणी मनातल्या मनात म्हणायची, वाचलो.

यंदा सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली. कश्यपी धरणाच्या काठाला सखुबाई नावाच्या म्हातारीचं कांद्याचं शेत आहे, तिच्या बांधावर रिक्षा लावायची त्यांची आता ओळख झालेली. दोन रात्रींचा बेत होता. या खेपेला मनीषाताई म्हणाल्या, "मी पण येते. बघते तरी काय चालतं तुमचं." पहिली रात्र त्या थंडीला शिव्या घालत झोपल्या, तरी सकाळी धरणावरचं धुकं बघत पाच मिनिटं गप्प बसल्या, हे रोहिणीनं टिपलं.

आठच्या सुमाराला मितू दुधाचा पेला हातात घेऊन सतरंजीवर बसली होती. पेला ओठांपर्यंत गेलाच नाही. नजर एका जागी थांबली, पेला कलंडला.

रोहिणीनं पोरीला खाली डोकं आपटायच्या आत धरलं, कुशीवर वळवलं, स्वेटरची वरची बटणं काढली, डोक्याखाली स्वतःची शाल सरकवली आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. मनीषाताई किंचाळल्या. अश्विन हातात चहाचं पातेलं घेऊन नुसता उभा राहिला. किंकाळी ऐकून सखुबाई शेतातून धावत आली, येता येता तिनं कांदा उपटला होता, तो मुठीनं फोडतच ती वाकली. मनीषाताईंनी पायातली चप्पल काढली.

"कोणी पुढं यायचं नाही!" रोहिणी अशी ओरडली की बांधावरचे बगळे उडाले. "मावशी, कांदा खाली ठेवा. ताई, चप्पल पायात घाला. पायात घाला म्हणते ना! माझ्या लेकीच्या तोंडाला आता कोणाची चप्पल लागणार नाही."

दोघी जागच्या जागी थबकल्या. रोहिणीचा एक हात मितूच्या खांद्यावर, डोळे काट्यावर. "एक मिनिट झालं, बाळा. आहे मी. दोन झाली. आहे मी इथंच." दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी झटके थांबले. श्वास सरळ झाला. रोहिणीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मितू गाढ झोपली, फिटनंतर झोपते तशी. स्प्रे पिशवीतच राहिला.

मग मनीषाताईंना कंठ फुटला. त्या रडत होत्या आणि चिडलेल्याही होत्या. "झालं समाधान? अश्विन, शब्द दिला होतास मला. आवर हे सगळं."

अश्विननं पातेलं खाली ठेवलं. बायकोकडं न बघता तो रिक्षाकडं गेला आणि टपाला बांधलेली दोरी सोडायला लागला. तंबूची एक बाजू झोळ पडून खाली आली.

"अहो, थांबा," रोहिणी म्हणाली. तिनं मांडीवरचं डोकं हलू दिलं नाही. "ताई, पाच वेळा घरात आली फिट. टीव्हीसमोर आली, मोरीत आली. तेव्हा कोणी म्हणालं का, की घर सोडा?"

"शब्द म्हणजे शब्द, रोहिणी."

"हो, दिला होता शब्द. मीच द्यायला लावला, रागाच्या भरात. चूक केली. आता तो मी मोडते. तुमच्या तोंडावर मोडते. काय म्हणायचं ते म्हणा मला. पण या पोरीला खिडकीत नाही बसवणार मी."

अश्विनच्या हातात दोरी तशीच होती. सखुबाई एवढा वेळ बांधावर टेकून बसली होती, फोडलेला कांदा शेजारी ठेवून. तिला राग आलेला होता, या शहरातल्या बाईनं आपल्यावर खेकसावं? पण ती बोलली ते वेगळंच.

"माझ्या भावाला व्हतं हे. मंगळूला," ती म्हणाली. "आमच्या बापानं त्याला वट्याखाली उतरू दिलं नाय कधी. पडंल, लागंल, लोकं हसतील. हे धरण झालं तवा पाणी घराच्या समोर आलं, समदी पोरं पवायची. त्यो वट्यावरून बघायचा. एकतिसाव्या वर्षी गेला." तिनं शेजारचा फोडलेला कांदा लांब सरकवला. "घरातच गेला, बाई. अंथरुणात. एवढा जपला, तरी. लय वाटतं, एक डाव त्याचे पाय बुडवून आणायला पायजे व्हते."

मनीषाताईंनी पदरानं तोंड पुसलं. ऊन तंबूच्या पडलेल्या बाजूवर आलं. अर्ध्या तासानं मितूनं डोळे उघडले. ती आईकडं बघून ओळखीचं हसली, मग तिला वाकडा झालेला तंबू दिसला आणि बापाच्या हातातली दोरी दिसली. तिचा चेहरा उतरला.

"पप्पा, आपण घरी चाललोय? माझ्यामुळं?"

रोहिणी उत्तर देणार होती. पण तिनं ओठ आवळले, हा प्रश्न तिला विचारलेला नव्हता. अश्विन एकदा बहिणीकडं बघून मुलीकडं वळला.

"नाही बाळा. उद्या संध्याकाळी जाऊ, ठरलंय तसं. दोरी सैल झाली होती, ती आवळतोय." आणि त्यानं ती खरंच आवळली, दोन गाठी मारून.

"अश्विन!" मनीषाताई उठल्या. "आणि परत आली तर?"

अश्विननं शेवटची गाठ ओढून बघितली. लहानपणापासून ज्या बहिणीला त्यानं कधी उलट उत्तर दिलं नव्हतं तिला तो पहिल्यांदा देत होता.

"परत आली तर कुशीवर वळवायचं, ताई. आज मी पातेलं धरून उभा राहिलो. पुढच्या वेळी घड्याळ मी बघणार आहे."