गौतममामा आणि केबल ट्रेचे प्लग

गौतममामांनी माझ्यासाठी शिव्या खाल्ल्या, आणि मी त्या खाऊ दिल्या.

काल मामा गेले.

कुंभारीचे मामा आमचे हेड फिटर. छताखालून वायरी नेणारा पत्र्याचा ट्रे त्यांनी बसवला, की आम्ही लेव्हल तपासायचोच नाही.

सोलापुरातल्या एका हॉस्पिटलचं वायरिंग हे इंजिनिअर म्हणून माझं पहिलं स्वतंत्र काम. आगीत टिकणारा ट्रे हवा होता. मी महिनाभर कॅटलॉग चाळले, सर्टिफिकेटं तपासली, भारीतला ट्रे निवडला. काय मिरवलं होतं मी!

मामा तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर. मी दुसऱ्या टीमकडून अख्खा मजला बसवून घेतला.

मामा आले. शिडी लावली. एक स्क्रू काढला, तर मागोमाग छताच्या भोकात तो धरून ठेवणारा प्लास्टिकचा प्लग हातात.

"मॅडम, ट्रे आगीत टिकंल. ह्यो टिकंल व्हय?"

त्यांनी प्लग माझ्यापुढे धरला.

"ह्यो वितळला की ट्रे खाली. आन् पेशंट जाणार कुटनं? ह्याच्या खालनंच की."

मी भडकले. "मामा, उद्घाटनाला चार दिवस राहिलेत!"

"चार दिवस हायत की मग."

आणि लागले काढायला. नव्या रंगाचे पोपडे फरशीवर पडले, आणि नेमके तेव्हाच हॉस्पिटलचे मालक डॉक्टरसाहेब आले.

"कुणी केला हा गाढवपणा?"

मी तोंड उघडायच्या आत (खरं सांगते, उघडणारच नव्हते) मामा म्हणाले, "माजी चूक हाय सायेब. प्लग मीच लावलं."

सगळ्यांसमोर त्यांना नाही नाही ते ऐकावं लागलं. मी मोबाईलमध्ये डोकं खुपसून उभी.

नंतर विचारलं, "का हो मामा?"

"तुमचं पयलंच काम. काडून घेतलं आसतं तर? माजं काय, मी उद्या बी फिटरच."

चौथ्या दिवशी सगळीकडे प्लगच्या जागी न वितळणारे लोखंडी अँकर लागले होते.

मागच्या वर्षी त्याच मजल्यावर स्टोअररूम पेटली. पॅसेजपर्यंत ज्वाळा आल्या. ट्रे जागचा हलला नाही, दिवे चालू राहिले, सगळे पेशंट सुखरूप बाहेर.

डॉक्टरसाहेबांनी बोलावून माझा सत्कार केला. मी करून घेतला.

मामांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "मान्सं समदी भाईर आली न्हवं? मग झालं की."

आज सकाळी त्यांना पोचवून आले.

डॉक्टरसाहेब, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात. ते प्लग मी आणले होते. तुम्ही भलत्याच माणसाला बोललात, आणि सत्कारही भलत्याच माणसाचा केलात.

मामा, माझं चुकलं.

जय भीम.