शाळा आणि सांकव यांच्यामधली चौकट

कारवारच्या शिबिरात मला पहिल्यांदा कॉम्प्युटर दाखवला, तेव्हा माझ्या नोकरीला बारा वर्षं झाली होती आणि नवं काही शिका म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही वीस-पंचवीस शिक्षक एकाच यंत्राभोवती दाटीनं उभे, आणि शिकवणारा तरुण पडद्यावर चौकटी दाखवत होता. आडव्या ओळी, उभ्या ओळी, चौकटीचौकटीत आकडे. त्यानं पहिल्या चौकटीतला आकडा बदलला आणि शेवटच्या चौकटीतला आपोआप बदलला. "एवढंच होय?" म्हणून शेजारचे गुरुजी चहाला गेले. मी मात्र तिथंच खिळले. एकाचं बदललं की कुणाकुणाचं बदलतं, हे असं डोळ्यांदेखत दाखवता येतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं. बारा वर्षं मी मुलांकडून नुसती उत्तरं काढून घेत होते.

आमची शाळा जोयडा तालुक्यात, कुंभारवाड्याच्याही आत. मराठी शाळा, सातवीपर्यंत, खोल्या दोन. विजेचा खांब आला होता, वीज यायची होती. तेव्हा कॉम्प्युटर मीच केला, अंगणात चुन्याच्या रेघा मारून. एका चौकटीत एक मूल, हातात पाटी. प्रत्येकाला एकच नियम: मागच्याच्या पाटीवरचा आकडा बघायचा, त्यात आपली बेरीज नाहीतर वजाबाकी करायची आणि आपल्या पाटीवर लिहायची. पहिल्यानं आकडा बदलला की मागोमाग सगळ्यांनी बदलायचा. पहिल्या दिवशी आम्ही भाताची लावणी घेतली. एका मुठीत रोपं किती, मुठी किती, वाफा किती भरेल. "आता मूठ बारीक धरली तर?" एवढं विचारायचा अवकाश, की थुंकी लावून पाट्यांची पुसापुशी सुरू. थुंकी लावू नका म्हणून मी ओरडायची, आणि ती लावायची. आठवड्याभरात तीच मला विचारू लागली, बाई, आज काय बदलायचं?

ओरडणं मला कुणी शिकवावं लागलं नाही. राग कायम नाकावर, आणि वर नियमांची हौस. त्या वर्षी पावसाळ्यात सहावीतली एक मुलगी रोज उशिरा येऊ लागली, तेव्हा मी नियम केला होता: सकाळी जितका उशीर, तितका वेळ शाळा सुटल्यावर थांबून पाढे लिहायचे. मी मारत नव्हते, म्हणून स्वतःला फार चांगली समजत होते. ती ओढ्यापलीकडच्या पाच-सहा घरांच्या वाडीतली. ओढ्यावर लाकडांचा सांकव असतो. पावसाच्या तोंडाला वाडीची माणसं तो काढून ठेवतात आणि ओढा उतरला की पुन्हा घालतात, दरवर्षी. सांकव नसेल तेव्हा वरच्या अंगानं वळसा घालून यावं लागतं. हे मला ठाऊक होतं, पण नियम तो नियम. पुढं पाऊस गेला, सांकव पुन्हा घातला, तरी तिचा अर्ध्या तासाचा उशीर काही हटेना. मग तर ती आळशीच आहे अशी माझी खात्री झाली. आणि हीच मुलगी पाट्यांच्या खेळात सगळ्यांत तल्लख. शेवटची चौकट नेहमी तिची, कारण तिची बेरीज चुकत नसे.

मार्गशीर्षात एका सकाळी तिचा बाप शाळेत आला. जंगलातल्या कामांवर मजुरीला जाणारा, मोजकं बोलणारा माणूस. पायरी न चढता खालीच उभा राहिला.

"बाई, पोरीचं नाव काढा."

"का?"

"घरात यायला अंधार हुतोय. गवे खाली उतरल्यात. परवा अस्वल दिसलं. तिची आई वाटंवर जाऊन हुभी ऱ्हाती. येत्या सोमवारपास्नं न्हाई धाडत."

नाव काढायचं शनिवारपर्यंत तरी थांबा, एवढंच मला म्हणता आलं. तो "बरं" म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात तिची वाटच मांडली. पहिली चौकट शाळा सुटायची वेळ, सव्वाचार. मग सांकवापर्यंत अर्धा तास, पुढं चढ पंचवीस मिनिटं, माथ्यावरून घर वीस. शेवटी ती स्वतः. पाट्या भराभर लिहून झाल्या आणि उत्तर आलं साडेपाच. मला कोण आनंद! "साडेपाचला कुठला गं अंधार? पाटीवर लिही आणि ने तुझ्या आप्पांना दाखवायला."

तिनं साडेपाच लिहिले, जरा वेळ बघितले आणि पुसून टाकले.

"बाई, ह्यात एक चौकट कमी हाय."

"कुठली?"

ती आपली जागा सोडून पुढं आली आणि पहिल्या आणि दुसऱ्या मुलाच्या मधल्या रेघेवर उभी राहिली. "हितं. शाळा आनि सांकवाच्या मधी. तुमी थांबवताय ती."

माझा पहिला राग तिच्यावरच. "उशिरा येतेस म्हणून थांबवते!"

"व्हय, बाई," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. हातचा एक राहिला, असं सांगावं तसं तिनं सांगितलं होतं. तेवढ्यात सातवीतली एक म्हणाली, "मग उशिराची बी चौकट करू या की."

मुलांनीच रेघा ओढल्या. शाळेत थांबली अर्धा तास, म्हणून घरी पोचली सहाला. सहाला त्या रानात काळोख पडतो, झऱ्यावर पाण्याला धाडत नाहीत. म्हणून पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याला अर्धा तास. म्हणून शाळेला उशीर, अर्धा तास. म्हणून शाळेत थांबायचं, अर्धा तास. शेवटचं मूल पहिल्याच्या पाठीशी येऊन उभं राहिलं, आणि ओळीचं रिंगण झालं. मुलांनी तीनदा आकडे फिरवले. तीनदा तोच अर्धा तास आला.

पावसातला उशीर वळशाचा होता. सांकव घातला त्याच दिवशी तो संपायला हवा होता. त्याला महिनाभर जिवंत ठेवलं होतं माझ्या नियमानं, आणि वर मी तिला आळशी म्हणत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला सगळ्या मुलांसमोर फार लाज वाटली. मी तिच्या हातातली पाटी घेतली, मधल्या रेघेवर तिच्या जागी उभी राहिले आणि पाटीवर शून्य लिहिलं. पुढच्या पाट्या पटापट पुसल्या गेल्या. घरी साडेपाच. पाणी उजेडात, संध्याकाळीच. सकाळ मोकळी. उशीर शून्य. मुलांनी एकच गलका केला, आणि त्या दिवशी मी कुणावर ओरडले नाही.

शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर मी तिच्याबरोबर निघाले. सांकवावर तिनं माझा हात धरला, मला पाण्याकडं बघू नका म्हणाली. अख्खा चढ मी बापाशी बोलायचं मनात घोकत होते, आणि घोकलेलं सगळं दारात पोचेपर्यंत विसरले. तिचा बाप ओट्यावर कोयत्याची मूठ बसवत होता.

"चूक माझी आहे," मी उभ्याउभ्याच म्हणाले. "रोज शाळा सुटल्यावर मीच तिला थांबवून घेत होते. आता नाही थांबवणार. तिचं नाव राहू द्या."

त्यानं कोयता खाली ठेवला. माझ्याकडं न बघता तो पोरीकडं बघत राहिला.

"आनि तू तर म्हनत हुतीस, वाटंत आवळं येचत बसले म्हनून?"

ती ओट्याच्या कडेला नखानं माती उकरत राहिली.

"रोज शिव्या खाल्ल्यास की गं. खरं का न्हाई सांगितलंस?"

"तुमी बाईंस्नी बोलला असता," ती म्हणाली.

शाळेत माझ्यापुढं पाढे लिहायचे, घरी माझ्यापायी बोलणी खायची, आणि वर मलाच कुणी काही बोलू नये म्हणून जपायचं. अकरा वर्षांची पोर. मी त्या ओट्यावर बसले आणि रडले, चांगली हुंदके देऊन. बाप अवघडला. आतून तांब्याभर पाणी मागवलं, माझ्यापुढं ठेवलं, आणि तिच्याकडं वळून जरा दरडावूनच म्हणाला, "सोमवारी येळंत जा."