चेनचा आवाज आणि मिस्त्रींचा हात

निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणींपैकी कुणी काशीला गेल्या, कुणी परदेशात नातवंडं सांभाळायला गेल्या. मी जुनी गाडी घेतली. एके काळी कलेक्टरसाहेब जिच्यातून उतरायचे ती गोल पाठीची, पांढरी. लहानपणी रत्नागिरीकडच्या आमच्या गावात ती आली की आम्ही पोरं धुळीत उभी राहून नुसती बघायचो. साठीनंतर कधी तरी धूळ आपणही उडवावी, एवढाच माझा हेतू. नवरा म्हणाला, "याच्यापेक्षा गाय घेतली असतीस, दूध तरी दिलं असतं."

गाडीचं इंजिन पार बसलेलं होतं. ते सुटं करून पुन्हा बांधायला खाडीकाठच्या मुर्धा गावचे एक मिस्त्री भेटले. वय बहात्तर. पूर्वी मेन रोडला त्यांचं गॅरेज होतं. तिथे आता टॉवर उभा राहतोय, म्हणून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचे. काम म्हणजे काय, माझी गाडी येईपर्यंत ते रोज सकाळी शेड झाडून बसत आणि दुपारी बंद करून जेवायला जात. नव्या गाड्यांना त्यांची गरज उरली नव्हती. माझी गाडी शेडमध्ये आली त्या दिवशी त्यांनी नवा शर्ट घातला होता.

दोन महिने मी आमच्या सिल्व्हर पार्क वसाहतीतून रोज रिक्षाने मुर्ध्याला जात होते. रिक्षावाल्यांना वाटायचं मी फ्लॅट बघायला येते. "मॅडम, क्रीक व्ह्यू चाहिए क्या?" मी म्हणायचे, "इंजन व्ह्यू."

दसरा झाल्यावर पाच दिवसांनी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. मी टाळी वाजवायला हात वर केला आणि तेवढ्यात आवाज आला. इंजिनाच्या पुढच्या भागातून, खर्र खर्र, कुणी पितळी डब्यात खिळे हलवावेत तसा. मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्यांनी फॅनचा पट्टा काढून पाहिलं. आवाज तसाच. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणाला आणि मूठ कानाला लावली.

"टायमिंग चेन हाय," ते म्हणाले.

ही चेन म्हणजे इंजिनाच्या पोटातली सायकलसारखी साखळी. तिच्यामुळे आतले सगळे भाग एका तालात फिरतात. ती ढिली पडली की झाकणावर आपटते. तशी पडू नये म्हणून तिच्या बाजूला एक छोटा दट्ट्या असतो, टेन्शनर. त्याच्या मागून एका बारीक भोकातून ऑइल येतं आणि त्या जोरावर तो चेनला दाबून धरतो. बसवताना मात्र हा दट्ट्या आत अडकवलेला असतो. बसवून झाल्यावर चावीने फिरवून मोकळा करावा लागतो. हे सगळं मला दोन महिन्यांत मिस्त्रींनीच शिकवलं होतं आणि मी ते त्यांच्यावरच उलटवलं.

"चावी फिरवायला विसरला असाल," मी म्हटलं. "वय झालं की होतं असं."

उचलली जीभ लावली टाळ्याला! माझा हा जन्माचा रोग आहे. ऑफिसात याच्यापायी माझी दोनदा बदली झाली. मिस्त्रींनी झाकण उघडून मला दाखवलं. दट्ट्या मोकळाच होता.

मग चेनवर संशय. नवा सेट मागवला. तो आला, बसवला, तीन दिवस गेले. इंजिन सुरू केलं आणि पुन्हा तेच, खर्र खर्र. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं, झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग भिंतीवरचे पाने एकेक करून उतरवले आणि गोणपाटाच्या पोत्यात टाकले.

"ताई, माजा हात गेला," ते म्हणाले. "दुसरा मिस्त्री बगा. हे मी भंगारात देतो."

मी घरी आले ती जेवलेच नाही. भिंतीवर पान्यांच्या आकाराचे स्वच्छ ठसे तेवढे उरले होते, ते डोळ्यांसमोरून हलेनात. पन्नास वर्षं ज्या माणसाने हाताला डोळे असल्यासारखं काम केलं, त्याला मी एका वाक्यात म्हातारा केला होता. मला माझी लाज वाटली. गाडीचं काय, ती उभी राहिली असती. पण तो माणूस उद्यापासून शेड झाडून कुणाची वाट बघणार होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले. मिस्त्री ओट्यावर पाठमोरे बसले होते, समोर पूर्वीच्या मिठागराची मोकळी जमीन. पोतं दाराशी होतं, भंगारवाला संध्याकाळी येणार होता.

"मी एकदा बघू का?" मी विचारलं.

"बगा. गाडी तुमची हाय." मागे वळलेसुद्धा नाहीत.

इंजिनातलं मला किती कळतं हे मला ठाऊक होतं. पण मी टेलिफोन खात्यात फॉल्ट सेक्शनला तीस वर्षं काढली. तिथे एकच धडा: लाइन मेली तर टोकाचं यंत्र बदलत बसू नका, लाइन कुठपर्यंत जिवंत आहे ते शोधा. आम्ही टोकाचंच यंत्र तपासत आणि बदलत बसलो होतो. ऑइल तिथपर्यंत पोचतंय का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. घोडं तिथे पेंड खात असेल तर?

मी पोत्यातला एक पाना घेऊन दट्ट्याचे दोन बोल्ट काढले, इंजिन नुसतं फिरावं, सुरू होऊ नये म्हणून प्लगच्या वायरी सोडल्या आणि मिस्त्रींच्या बायकोला हाक मारली. वहिनी बोंबील साफ करत होत्या; हात धुऊन आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या.

"काय करायचा?"

"मी सांगितलं की स्टार्टर ओढायचा."

वहिनींनी असा ओढला की बटण हातात येतं की काय! इंजिन फिरलं. भोकातून ऑइलचा थेंबही नाही. मी केसातली पिन काढली आणि भोकात घालून हलवली. काही तरी टणक होतं आत. "पुन्हा ओढा!" या वेळी फचकन ऑइल उडालं, माझ्या चष्म्यावर, कुर्त्यावर, आणि त्याच्याबरोबर काही तरी बाहेर आलं. मी ते तळहातावर घेतलं. तांदळाचा दाणा. लालसर.

खंडेनवमीला, मिस्त्रींच्या घरी हत्यारांची पूजा असते, तेव्हा त्यांनी मला बोलावलं होतं. अर्धं बांधलेलं इंजिन मधोमध होतं. "गाडी तुमची, पूजा तुमी करा," असं ते म्हणाले होते. मीही हळदकुंकू वाहिलं आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता ओंजळ भरभरून टाकल्या, भाचीच्या लग्नात टाकाव्यात तशा. म्हणजे इंजिनात तांदूळ घालणारी मी, आणि विसराळू म्हणून बोलणी खाल्ली मिस्त्रींनी.

बॉनेट उघडं होतं, त्यामुळे वहिनींना काही दिसलं नव्हतं. मिस्त्री ओट्यावर पाठमोरेच होते. खरं सांगते, एक क्षण माझी मूठ मिटली. "कचरा अडकला होता" म्हटलं असतं तर गाडी चालू झाली असती आणि माझी अब्रूही राहिली असती. पण कचरा म्हणजे साफ न केलेलं इंजिन, म्हणजे दोष पुन्हा मिस्त्रींच्याच हाताचा.

मी बाहेर जाऊन त्यांच्यासमोर मूठ उघडली.

"खंडेनवमीचा आहे. मी टाकला होता," मी म्हटलं. "आणि तुमच्या वयावरून बोलले ते चुकलं माझं. माफ करा." हे शब्द मी इतक्या वर्षांत नवऱ्यालाही ऐकवलेले नाहीत.

मिस्त्रींनी दाणा बोटावर घेतला. उजेडात धरला. खांदे हलायला लागले तेव्हा मला वाटलं रडतायत; ते हसत होते. थोडं रडतही होते.

"अगो, आयकलंस का?" ते आत ओरडले. "आवाज तांदळाचा व्हता!"

मग ते माझ्याकडे वळले. "ताई, सगळा दोष तुमी घेऊ नका. उघडा भोक चिंधीनं बुजवून ठेवायचा, ह्या मना उस्तादानं पयल्या दिवशी शिकवलेला. मी बुजवला पन व्हता. तुमी पूजेला येनार, इंजिन देवीसमोर बरा दिसाया पायजे, म्हनून सकाळी चिंधी काढली."

इंजिनाचं एवढं कौतुक आम्ही दोघांनी मिळून केलं होतं की ते आजारी पडलं होतं.

दुपारपर्यंत सगळं पुन्हा बसलं. मिस्त्रींनी इंजिन सुरू केलं. आतून फक्त एक संथ, गुबगुबीत घुरघुर. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाल्या, "बंद झाला काय?" चालू आहे म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडले.

मिस्त्रींनी पोतं ओढत आत आणलं आणि खळ्ळकन रिकामं केलं. एकेक पाना पुसून आपापल्या खिळ्याला लावला. शेवटचा लावून झाल्यावर ते गाडीपाशी आले, मान तिरपी करून ऐकत राहिले.

"ताई, गियरबॉक्समदी जरा आवाज हाय. उतरवाया लागंल. पंधरा दिस तरी जातील."

मला कसलाही आवाज येत नव्हता. मी वहिनींकडे पाहिलं. त्या श्वास रोखून माझ्याकडे बघत होत्या.

"उतरवा," मी म्हटलं. "मी उद्या सकाळी येतेच."