ज्याचा घास त्याला

घास हातात घेतला की ते आधी तो डोळ्यांसमोर धरायचे, कचेरीतला अर्ज तपासावा तसा नीट न्याहाळायचे आणि मग विचारायचे, "हा कुणाचा?"

परसात पाटावर बसलेला तीन वर्षांचा बाळ गंभीरपणे सांगायचा, "काऊचा."

"मग ज्याचा घास त्याला," असं म्हणून हे चाळिशीतले गृहस्थ, मामलेदार कचेरीतले कारकून, धोतर सावरत उठायचे, भिंतीपर्यंत जायचे आणि तो घास खरोखरच कावळ्याला घालायचे.

आता तुम्हीच सांगा, असं कधी पाहिलंय का? तुम्ही-आम्ही सगळे चिऊ-काऊच्या नावावरच जेवलो. पण काऊचा घास काऊला मिळालाय असं तुमच्या घरात एकदा तरी झालं का? नाव काऊचं आणि तोंड आपलं. ही युक्ती कुठल्याही आईला शिकवावी लागत नाही. अण्णांना मात्र ती ठाऊक नव्हती. आणि त्यांना सांगेल अशी माउली त्यांच्या घरात आता उरली नव्हती.

अण्णा हे त्यांचं नाव नव्हे. नाव मी सांगणार नाही. मुलं अण्णा म्हणायची म्हणून सगळी आळी अण्णा म्हणे.

मी नगरची. लग्न होऊन संगमनेरला आले तेव्हा लढाईचे दिवस होते. आमचे हे शाळेत मास्तर, घरात सासूबाई, आणि परसात कमरेएवढ्या भिंतीपलीकडे अण्णांचं बिऱ्हाड. मी आले तेव्हा त्यांची बायको होती. भाकरी थापता थापता भिंतीवरून बोलणारी, मोठ्यानं हसणारी. परक्या गावात मला पहिल्यांदा कुणी हाक मारली असेल तर तिनंच. ती बाळाला भरवायला बसली की दुनियेतली सगळी पाखरं त्या अंगणात गोळा करायची, आणि ताट रिकामं झालेलं पोराला कळायचंही नाही. अण्णा तेव्हा कचेरीत असायचे. रविवारी ओसरीवर कागद चाळत बसले की अर्धंमुर्धं त्यांच्या कानावर पडत असेल, तेवढंच.

संक्रांतीनंतर ती विषमज्वरानं गेली. मागे आठ वर्षांची कुशी, तीन वर्षांचा बाळ, मोत्या नावाचा गावठी कुत्रा आणि मनी मांजर. माझं तर बोलायचं माणूसच गेलं.

बाळानं खाणं टाकलं. पुण्याहून त्याची मावशी दिवसांना आली होती. बाई समंजस होती, उगाच वाईट बोलणारी नव्हती. जाताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, "अण्णा, मुलं तुमची आहेत. पण मी दिवाळीला येणार. पोरानं अंग धरलं असेल तर खुशाल ठेवा. नाहीतर दोघांना मी घेऊन जाईन. बहिणीचं लेकरू मी असं वाळू देणार नाही."

अण्णा म्हणाले, "कबूल." आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी कचेरीच्या आधी आणि संध्याकाळी कचेरीनंतर ते बाळाला परसात घेऊन बसायला लागले.

भांडी घासायला धोंडाबाई यायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती राखेचे हात तसेच ठेवून म्हणायची, "आन्ना, लई हाल चाललेत लेकरांचे. दुसरं लगीन का करत न्हाई तुमी? मानूस पायजे घरात बाईचं."

अण्णा चुलीपुढं फुंकणी फुंकत राहायचे. एकदा मात्र मला म्हणाले, "वहिनी, मी सावत्र आईच्या हातचं जेवून वाढलोय. वाईट नव्हती हो. पोटभर घालायची. पण ताट सरकवून निघून जायची. समोर कुणी बसलंय, असं आठवतच नाही मला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला लहानपणी कुणी भरवलंच नव्हतं! काऊचा घास शेवटी कुठं जातो, हे त्याला कळणार कुठून?

पण त्या कारभाराचा ताप मला किती झाला ते विचारू नका. संगमनेरातल्या एकूण एक कावळ्यांना अण्णांच्या जेवणाची वेळ पाठ झाली. अण्णा कचेरीतून यायच्या आधी ते कौलांवर रांगेत हजर. मी माझे पापड, सांडगे, कुरडया परसात वाळत घालायची आणि काठी घेऊन राखण करत बसायची. डोळा लागला की पापड गेलाच. मी भिंतीवरून ओरडायची, "अण्णा, तुमचे पाहुणे आवरा!" ते खरंच ओशाळायचे आणि कावळ्यांना म्हणायचे, "वहिनींच्या पापडांना हात लावायचा नाही हं." कुशी परकराचा ओचा सावरत पलीकडून येऊन उरलेले पापड वर खाली करून द्यायची. तिची वेणी मीच घालत असे, कारण अण्णांनी घातलेली वेणी शाळेत पोचेपर्यंत सुटायची.

त्यातच मनी व्याली, आणि ती बरोबर अण्णांच्या बायकोच्या लुगड्यांच्या पेटीत. झाकण उघडं राहिलं होतं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "अण्णा, काढा तिला बाहेर, लुगड्यांची वाट लावेल."

अण्णा पेटीशी उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, "राहू द्या. तिथं ऊब आहे."

पिलं मोठी होऊन घरोघर गेली. मनी राहिली आणि दिवसागणिक फुगत गेली. कारण बाळाच्या ताटातला एक घास काऊचा, एक माऊचा, एक भूभूचा, आणि मग कुठं एक बाळाचा. तोही तो गालात धरून बसायचा. रेशनचे दिवस, तांदळात निम्मे खडे, आणि या घरात भात मांजराला. सासूबाई जळफळायच्या. "मांजर बघ कसं भोपळ्यासारखं झालंय, आणि पोराच्या बरगड्या मोजून घ्याव्यात!"

शेवटी मीच एक दिवस भिंतीपाशी गेले आणि अण्णांना सगळी विद्या समजावून दिली. काऊचा म्हणायचं आणि बाळाच्या तोंडात घालायचं. माऊचा म्हणायचं आणि बाळाच्या तोंडात घालायचं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे फसवायचं?"

"फसवायचं कसलं? सगळ्या आया असंच करतात."

"ती पण?"

"ती पण."

अण्णा मान हलवून म्हणाले, "त्याची आई कुठं गेली, हे मी त्याला खरं सांगितलंय वहिनी. आता भाताच्या घासासाठी खोटं कसं बोलू?"

मला त्यांचा राग आला, आणि रडूही आलं. मी आत निघून गेले.

दिवाळी जवळ आली तसे अण्णा बिचकायला लागले. रोज बाळाला दंडाला धरून बघायचे. वसुबारसेला सकाळच्या मोटारीनं मावशी आली. आळीतल्या बायका गाय-वासरू पुजत होत्या, मीही त्यातच होते. मी हळद-कुंकवाचं तबक घेऊनच अण्णांच्या परसात शिरले आणि हळूच म्हटलं, "आजचा दिवस तरी ऐका माझं. काऊचा घास बाळाच्या तोंडात घाला."

मावशी दारात उभी होती. पाटावर बाळ, शेजारी कुशी, पायरीवर मोत्या, खांबाला अंग घाशीत मनी, वर कावळे. अण्णांनी वरणभाताचा घास उचलला. नेहमीसारखा डोळ्यांसमोर धरला.

"हा कुणाचा?"

"काऊचा."

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घास बाळाच्या तोंडापाशी नेला.

बाळानं ओठ घट्ट मिटले. आधी वर कावळ्याकडे बघितलं, मग बापाकडे. म्हणाला, "काऊचा आहे ना? मग काऊला द्या."

कुशी खाली मान घालून बोटानं भात गोळा करत राहिली. अण्णा उठले, भिंतीपर्यंत गेले आणि घास कावळ्याला घालून आले. मावशीनं बाळाचा दंड हातात घेतला, नुसता धरला आणि सोडला. त्यात सगळं आलं. अण्णा म्हणाले, "कबूल केलं होतं मी."

भाऊबीज झाली आणि ती मुलांना घेऊन निघाली. मोटारीपर्यंत आम्ही सगळे गेलो होतो. कुशी रडली नाही, सूचना देत बसली. "अण्णा, आधी मोत्याला घाला, मग मनीला. नाहीतर भांडतात. आणि भाताला फार पाणी घालू नका." बाळ एवढंच विचारत होता, "मनी कधी येणार?" मोटार धूळ उडवत पुण्याच्या रस्त्याला लागली. मोत्या पुलापर्यंत मागे धावला आणि जीभ काढून परत आला. अण्णा त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चला, कचेरीला उशीर होतोय." त्या दिवशी कचेरीला सुट्टी होती.

पुढं परसात घास पडेना. कावळे थोडे दिवस वाट बघून दुसरीकडे गेले. त्या उन्हाळ्यात माझे पापड निर्धास्त वाळले. काठी हातात घेऊन मी उगीचच बसून राहायची. इतकं सुनं परस मला कधी खायला उठलं नव्हतं.

अण्णा एकदा पुण्याला जाऊन आले. मी भिंतीवरून विचारलं, "बाळ जेवतो का?"

"जेवतो. ताट पुसून जेवतो. गाल वर आलेत." मग म्हणाले, "मी गेलो तेव्हा आत जेवणं चालली होती. मावशी भरवत होती. म्हणत होती, हा घास अण्णांचा. आणि तो तोंड उघडत होता."

"मग तुम्ही आत गेला असाल!"

"नाही. मी समोर दिसलो असतो तर तो म्हणाला असता, अण्णांचा आहे ना, मग अण्णांना द्या." ते हसले. "जेवण होईपर्यंत ओट्यावर बसलो."

त्यानंतर ते पुण्याला फारसे गेले नाहीत. लोक म्हणाले, बापाची माया आटली. लोकांना काय जातं म्हणायला! मला खरं कारण ठाऊक होतं, पण ते कुणाला सांगून पटलं असतं?

एकदा दिवेलागणीला मी तुळशीपाशी दिवा ठेवायला गेले. पलीकडे अण्णा पायरीवर बसले होते, मांडीवर ताट. मोत्याचं खाणं उरकलं होतं. समोर मनी. अण्णांनी घास डोळ्यांसमोर धरला आणि हलकेच म्हणाले, "हा कुशीचा." आणि मनीच्या तोंडापुढं धरला. मनीनं खाल्ला. "हा बाळाचा." तोही मनीनं खाल्ला.

दिवा हातात तसाच घेऊन मी उभी राहिले. जी युक्ती मी त्यांना शिकवली होती, जी पोरासमोर त्यांना जमली नव्हती, ती त्यांना आता जमत होती. मी पाय न वाजवता आत आले आणि सासूबाईंना सांगितलं. त्या नेहमीसारखं तांदळाविषयी काहीतरी बोलतील असं वाटलं होतं. त्या उठून परसाच्या दाराशी गेल्या आणि भिंतीपलीकडे बघत राहिल्या.

पुढल्या वर्षी अण्णांची बदली आमच्याच जिल्ह्यातल्या, जवळच्या अकोल्याला झाली. सामान फारसं नव्हतंच. बैलगाडीत लुगड्यांची पेटी चढली, मोत्या उडी मारून तिच्याशेजारी बसला. मनीला उचलून अण्णा आमच्या दारात आले.

"वहिनी, कुत्रं माणसाचं असतं, मांजर घराचं. ही तिकडं राहायची नाही. तुमच्याकडे असू दे." जाता जाता मागे वळून म्हणाले, "तिला घालताना जरा बोलून घाला. तिला सवय आहे."

ते परत संगमनेरला आले नाहीत. आले असले तरी आमच्या आळीत नाहीत.

त्याच संध्याकाळी मी वाटीत दूधभात कालवून मनीपुढं ठेवला. तिनं हुंगला आणि शेपूट पायांभोवती गुंडाळून नुसती बसून राहिली. मी चुचकारलं, वाटी पुढं सरकवली. ढिम्म हलली नाही. मग सासूबाई आतून आल्या. मांजराचा एवढा तिटकारा असलेली बाई, गुडघ्यावर हात टेकत खाली बसली, घास उचलला आणि म्हणाली, "हा कुशीचा." मनीनं तोंड पुढं केलं. "हा बाळाचा." तोही संपला.

सासूबाई उठायला लागल्या. मला वाटलं, पुण्यात या वेळी बाळ मावशीपुढं तोंड उघडत असेल. आणि अकोल्यात अण्णा एकटेच स्वतःच्या हातानं जेवत असतील. त्यांच्यासमोर बसून, कुणाच्या तरी नावानं त्यांना एक घास भरवणारं तिथंही कुणी नसणार.

वाटीत थोडा भात उरला होता. मी तो बोटांनी गोळा केला, डोळ्यांसमोर धरला आणि म्हटलं, "हा अण्णांचा."

मनीनं तोही खाल्ला. मांजरच ते. मी मात्र रिकामी वाटी हातात घेऊन अंधार पडेपर्यंत तिथंच बसून राहिले, आणि सासूबाईंनी मला हाक मारली नाही.